कोंबडी, फावडं आणि टँकरचं बिल

पाणी, खड्डे आणि लोकल या तीन विषयांवरच वसई-विरारकर अधिकारवाणीने बोलतो असा समज होता. हल्ली त्यात एआयची भर पडली आहे. हे यंत्र माणसासारखा विचार करतं का, यावर संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून अंधेरीपर्यंत वाद रंगतो. पुढे बोरिवलीला उतरू पाहणारा कुणी सापडतो आणि डब्याला त्याहून महत्त्वाचं काम मिळतं.

आमचं मत विचाराल तर, यंत्र माणसावरच गेलं आहे. फक्त आपण मिरवतो त्या गुणांवर नव्हे.

1970च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गॅझनिगा यांनी एका रुग्णावर प्रयोग केला. त्याच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला दुवा शस्त्रक्रियेने तोडलेला होता. बोलक्या डाव्या अर्धाला दाखवला कोंबडीचा पंजा, मुक्या उजव्याला बर्फ. मग जुळणारी चित्रं निवडायला सांगितली. डाव्या अर्धाच्या ताब्यातल्या उजव्या हाताने कोंबडी निवडली, उजव्याच्या ताब्यातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायचं फावडं. फावडं कशाला? डाव्या अर्धाने बर्फ पाहिलाच नव्हता, पण गप्प बसेल तर तो मेंदू कसला! खुराडं साफ करायला नको का, म्हणाला.

2025 मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी क्लॉड या आपल्याच यंत्राच्या आत डोकावून 36 आणि 59 ची बेरीज कशी होते ते पाहिलं. आत एक वाट उत्तराचा ढोबळ अंदाज बांधत होती, दुसरी एककाचा अंक नेमका काढत होती. बेरीज कशी केलीस, असं विचारल्यावर मात्र यंत्राने शाळेतली रीत सांगितली: सहा नि नऊ पंधरा, हातचा एक. आत हातचा कुणी घेतलाच नव्हता!

आता आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना विचारा, टाकी अर्धी आणि टँकरचं बिल दुप्पट, हे कसं? उन्हाळा, जुनी मोटर, तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे. तिन्ही कारणं पटण्यासारखी, तिन्ही जागच्या जागी सुचलेली. शिवाय माणसाचा मेंदू सुमारे 20 वॅटवर चालतो, त्यामुळे दिवे गेले तरी खुलासा थांबत नाही.

फरक एवढाच, की चूक दाखवली की यंत्र लगेच क्षमा मागतं. खजिनदारांनी उभं राहायला जागा नसलेली सभा गणपूर्तीअभावी तहकूब करून घेतली.