दोनशे पदार्थांच्या पॅकेजास परभणीहून पत्र

माननीय फूड इनटॉलरन्स पॅकेजसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

आपली जाहिरात आमच्या मोबाईलवर येऊन पोचली. घरी येऊन रक्ताचे दोन थेंब नेणार, दोनशे पदार्थ तपासणार आणि काय सोसत नाही ते लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत कळवणार. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही उगीच म्हणत नाही. जर्मनीतला माणूस पावाला भिऊ लागला आणि परभणीचा अजून निर्धास्त जेवतोय, ही आमच्या इभ्रतीला न शोभणारी गोष्ट होती. आपण ती उणीव भरून काढलीत.

पुण्यातल्या भाच्याने आपला अहवाल कौतुकाने दाखवला. गहू लाल, दूध लाल, दही लाल, शेंगदाणा पिवळा. म्हणजे पोरगा रोज जे खातो, तेच नेमके गुन्हेगार. ॲव्होकॅडो मात्र हिरवागार, निर्दोष! त्याने तो जन्मात तोंडात घातलेला नाही. आपली हातचलाखी इथेच आहे. आपण आयजीजी नावाची प्रतिपिंडे मोजता. ती बहुधा एवढेच सांगतात की हे अन्न पोटात जाते आणि शरीराला ते ओळखीचे आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी २००८ साली आणि कॅनडातल्यांनी २०१२ साली स्पष्ट लिहून ठेवले की असल्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये. पण त्यांना कुठे पॅकेज खपवायचे होते?

आमच्याकडे धंद्याला येताना मात्र जरा बेताने या. इथे ग्लूटेनमुक्त माल वेष्टनात नसतो, टोपल्यात फडक्याखाली असतो. ज्वारीच्या भाकरीत ग्लूटेन नाहीच. आमचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. त्याने ‘परभणी मोती’ काढली, ‘परभणी ज्योती’ काढली, पुढे लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ही काढली. त्याच ७२ च्या दुष्काळात सरकारने अमेरिकेचा लाल मिलो वाटला आणि लोकांनी नाक मुरडत तो गिळला. मिलो म्हणजे ज्वारीच. तेव्हा ‘इंपोर्टेड, ग्लूटेन-फ्री’ असा शिक्का मारायची अक्कल कुणाला सुचली नाही, नाहीतर रांगेत उभे राहायलाही तिकीट लागले असते. नंतर रेशनवर गहू आला, पाहुण्याला पोळी आणि घरच्याला भाकर अशी रीत पडली. आता पाहुणाच विचारतो, “भाकर मिळेल का हो?”

दुधाचेही तसेच. लहानपणी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज भरपूर असते. मोठेपणी जगातल्या बहुतेकांचे ते कमी होते. पेलाभर दुधाने पोट गुरगुरले तर तो काही रोग नव्हे. दही लावताना विरजणातले जंतू त्यातली थोडी साखर आधीच खाऊन टाकतात. त्यामुळे ज्याला दूध बाधते त्याला ताक पुष्कळदा चालून जाते. खात्रीच करायची तर लॅक्टोजचे पाणी पाजून ठराविक वेळाने फुंकर मारायला लावतात आणि श्वासातला हायड्रोजन मोजतात. दुधाची ॲलर्जी हे प्रकरण निराळे. तिथे अंगावर पित्त उठते, श्वास अडकतो. आपल्या लाल रंगात ही दोन्ही एकाच रांगेत उभी.

आता थट्टा बाजूला ठेवून एक तक्रार. सीलियाक नावाचा खरा आजार आहे. त्यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. २०१६ साली छापलेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तरेकडे शंभरात एकाहून थोडे जास्त आणि दक्षिणेकडे हजारात एक असे प्रमाण निघाले. म्हणजे आहे कमी, पण आहे. मूल वाढत नाही, पोट फुगते, हगवण थांबत नाही, गोळ्या देऊनही रक्त भरत नाही. घरचे जंताचे औषध देतात, नजर उतरवतात. अशा मुलाला रक्ताची टीटीजी-आयजीए चाचणी लागते, सोबत एकूण आयजीए, आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. तुमच्या दोनशे पदार्थांपुढे ही यादी अगदीच दरिद्री दिसते. पण या तपासण्या करेपर्यंत गहू खाणे चालू असावे लागते. आपला लाल रंग बघून घरच्यांनी आधीच पोळी बंद केली, तर प्रतिपिंडे उतरतात, आतडे सावरू लागते आणि खरा रोगी कागदावर निरोगी ठरतो. मग निदानासाठी त्याला पुन्हा काही आठवडे पोळी खायला घालायची. आपल्या रंगपेटीचा हा उपद्रव जाहिरातीत कुठे दिसला नाही.

आणि निदान पक्के झाले की आमच्या भाकरीचीही परीक्षा सुरू होते, कारण गल्लीतल्या गिरणीत गव्हावरच ज्वारी दळतात. एरवी बाया बजावतात, “दादा, माझी ज्वारी ज्वारीवरच टाका.” त्यांना पीठ चिकट नको असते. सीलियाकच्या पोराच्या आईला मात्र तेवढ्याने भागत नाही. पाट्याला लागलेला गव्हाचा भुगाही त्याला पुरेसा असतो. वेष्टनावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. हा हिशेब गिरणीवाल्याला कोण समजावणार? घरघंटी घेणे हाच मार्ग, आणि ज्याला ती परवडत नाही त्याला आपण पॅकेजवर किती सूट देता ते कळवावे.

आपला,
एक भाकरखाऊ परभणीकर

ता. क. – डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते, डबीवर बारीक अक्षरांत छापलेलेही असते. आपल्या दोनशेंत हिंग आहे का? नसल्यास दोनशे एकावा म्हणून घालावा, आमच्या वरणाला रोज लागतो.