देवडीवरील भाषाभेद : निवारणाचा शिरस्ता

ज्या कचेरीचे रजेचे अर्ज, प्रवासखर्चाची बिले आणि वरिष्ठांच्या मंजुऱ्या तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत, दोन जुनाट सर्व्हरांच्या आश्रयाने, वर्षानुवर्षे सुखेनैव नांदत होत्या, त्या कचेरीने एके दिवशी आपला सारा संसार क्लाउडवर हलविण्याचा ठराव मंजूर केला, म्हणजे स्थलांतरानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी सर्वांच्या पडद्यावर ५०२ हा आकडा उमटावा, हा आता जवळजवळ गृहप्रवेशाच्या विधीचाच भाग होऊन बसला आहे. अशा प्रसंगी नवशिक्याने कसे वागावे याविषयीचे वाङ्मय विपुल आहे. परंतु ते बहुधा उतावळ्या माणसांनी लिहिलेले असल्यामुळे, प्रस्तुत लेखकाने स्वतः खाल्लेल्या ठेचांच्या आधारे हा अल्पसा शिरस्ता घालून देण्याचे योजिले आहे.

प्रथम, काहीही रिस्टार्ट करू नये. रिस्टार्ट करणे म्हणजे पंचनाम्यापूर्वी प्रेत हलविणे होय. त्यानंतर ‘क्लाउड’ या शब्दाचा मनावरील अंमल उतरवावा. ॲमेझॉनचा मुंबईतील विभाग २०१६ साली आणि मायक्रोसॉफ्टचा पुण्यातील विभाग २०१५ साली सुरू झाला. म्हणजे ज्याला आपण मेघ म्हणून हात जोडतो, तो पुष्कळदा आपल्याच पावसात भिजणाऱ्या एखाद्या इमारतीत असतो, आणि त्याचे दोषही आपल्यासारखेच ऐहिक असतात.

आता देवडीकडे वळू. लोड बॅलन्सर म्हणजे मोठ्या वाड्याच्या देवडीवर बसलेला तो इसम, जो बाहेरून आलेला प्रत्येक खलिता स्वीकारतो, त्यावरील मोहोर स्वतः फोडतो, आणि आत ओळीने बसलेल्या कारकुनांपैकी ज्याच्यापुढे त्या घटकेला काम कमी असेल त्याच्या हाती तो उघडा कागद ठेवतो. मोहोरबंद खलिता म्हणजे एचटीटीपीएस, उघडा कागद म्हणजे एचटीटीपी. बाहेरच्या जगाशी ४४३ क्रमांकाच्या दारातून मोहोरबंद व्यवहार आणि आत ८०८० वर उघडा, ही अगदी सर्वमान्य वहिवाट आहे. मात्र कोणत्या कारकुनाशी कोणत्या रीतीने बोलायचे हे या देवडीवाल्याला कागदावर लिहून द्यावे लागते, आणि तो कागद लिहिणारा मनुष्य व आतला कारकून नेमणारा मनुष्य यांची परस्परांशी ओळख असेलच असे नाही. सगळ्या अनर्थाचे मूळ येथे आहे.

आकड्यांचा अर्थही नीट समजून घ्यावा, कारण ते फिर्यादीचे नाव सांगतात, आरोपीचे नाही. ५०२ म्हणजे देवडीवाल्याची जबानी, की आतून आलेले उत्तर मला उत्तर म्हणून वाचताच येईना. ५०३ म्हणजे आत कामाला घ्यावा असा कोणी नाही. ५०४ म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ताटकळलो, उत्तर आले नाही. जे लोक या तिन्ही आकड्यांना सरसकट ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना ईमेल पाठविण्याच्या कामावर नेमावे.

यानंतर सभा भरते. तिला ‘ब्रिज कॉल’ अशी संज्ञा आहे, आणि तीत वीस माणसे हजर असून सतरा मूक असतात. नेटवर्कवाले सांगतात, “सर, आमच्याकडून पोर्ट ओपन आहे.” ॲप्लिकेशनवाले सांगतात, “सर, आमच्याकडे लोकलला चालतंय.” सामान्यतः दोन पक्षांच्या कैफियती परस्परविरोधी असल्या की त्यांपैकी एक तरी खोटे बोलत असतो, असे न्यायशास्त्र मानते, पण या व्याधीचे वैशिष्ट्य असे, आणि माझ्या मते तिचे सौंदर्यही असे, की येथे दोघेही अक्षरशः खरे बोलत असतात. पोर्ट उघडे असते. ॲप्लिकेशन चालत असते. केवळ एकाने मोडीत लिहिलेला कागद दुसरा बाळबोध समजून वाचीत असतो.

हे दृष्टान्तादाखल म्हणत नाही, प्रत्यक्ष असेच घडते. आमच्या त्या सोमवारी देवडीवाल्याच्या कागदावर आतल्या कारकुनांपुढे ‘एचटीटीपीएस’ असे लिहिलेले होते, आणि आत बसलेला टॉमकॅट नावाचा कारकून उघड्या एचटीटीपीखेरीज दुसरे काही जाणत नव्हता. मोहोरबंद संभाषणाचा, म्हणजे टीएलएसचा, प्रारंभ ज्या बाइटांनी होतो ती हेक्स लेखनात १६, ०३, ०१ अशी असतात. टॉमकॅटची अपेक्षा ‘गेट’ किंवा ‘पोस्ट’ असे एखादे सरळ क्रियापद ऐकण्याची. त्याने ही अक्षरे क्रियापद म्हणून लावून पाहिली, ती लागेनात, तेव्हा मेथडच्या नावात अग्राह्य अक्षर आढळल्याची नोंद त्याने आपल्या लॉगमध्ये सचोटीने केली आणि ४०० आकड्याचे उत्तर साध्या एचटीटीपीत परत धाडले. आता मोहोरबंद बोलणाऱ्याचा वाचनक्रम असा, की पहिले अक्षर मजकुराचा प्रकार आणि पुढची दोन अक्षरे आवृत्तीचा क्रमांक. त्याच्यापुढे आली ‘एच, टी, टी, पी’ ही अक्षरे. त्याने ‘एच’ हा प्रकार मानला, ‘टीटी’ ही आवृत्ती मानली, तसली आवृत्ती कोणत्याच सनदेत नाही हे पाहिले, आणि ‘राँग व्हर्शन नंबर’ असा निकाल दिला.

या तीन शब्दांनी जितके मनुष्यतास खाल्ले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाने खाल्ले असतील. कारण तो निकाल वाचून सज्जन माणसे आवृत्तीच्या मागे लागतात. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ साली अधिकृतपणे मोडीत निघाल्या हे कोणाला तरी आठवते, मग १.२ चालू करा, १.३ बंद करून पाहा, सर्टिफिकेट नवे आणा, असे उपचार सुरू होतात. आमच्या येथे तर दुपारी तीनपर्यंत सर्टिफिकेट दोनदा बदलले गेले, आणि दोन्ही वेळा ते निर्दोषच होते. आवृत्ती चुकलेली नव्हती; समोर टीएलएस नव्हतेच.

म्हणून मुख्य उपाय. त्याच सबनेटमधील एखाद्या यंत्रावर जाऊन, देवडीला वळसा घालून, थेट कारकुनाच्या आयपी पत्त्यावर आणि पोर्टवर ‘कर्ल’ ही आज्ञा बोलक्या प्रकाराने, म्हणजे उणे-व्ही लावून, दोनदा चालवावी. एकदा पत्ता एचटीटीपीने आरंभून, एकदा एचटीटीपीएसने. दोहोंपैकी ज्याला शहाणे उत्तर मिळेल ते देवडीवाल्याच्या कागदावर लिहावे. काम दहा मिनिटांचे आहे, आणि ते सभेत सुचविल्यास तितकाच वेळ शांतता पसरते. कारकून आत खरोखरीच एचटीटीपीएस बोलत असेल, तर त्याच्या घरगुती सर्टिफिकेटची चिंता करू नये. ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर आतल्या माणसाच्या सर्टिफिकेटची शहानिशाच करीत नाही. हे सुरक्षेच्या दृष्टीने कितपत उचित, हा प्रश्न मला पडतो. पण तो प्रश्न सोमवारी विचारू नये.

कागद दुरुस्त झाला, ५०२ गेला, टाळ्या वाजल्या, आणि आता ब्राउझर सांगू लागला की फार रीडायरेक्ट झाले. याचे कारण कारकुनाची कर्तव्यनिष्ठा. ‘मोहोरबंद नसलेला अर्ज घेऊ नये’ असा हुकूम त्याला पूर्वीच दिलेला असतो. अर्जदार मोहोर लावूनच आलेला असतो, देवडीवाला ती फोडतो, कारकुनाला उघडा कागद दिसतो, तो म्हणतो, “मोहोर लावून या.” अर्जदार पुन्हा मोहोर लावतो, देवडीवाला पुन्हा फोडतो. क्रोम वीस हेलपाटे घालून हात टेकतो. सरकारी कचेऱ्यांत वाढलेला आपला नागरिक याहून चिवट असतो, पण ब्राउझर परदेशी आहे. उपाय असा, की ‘मूळ अर्ज मोहोरबंद होता’ असा शेरा देवडीवाला एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या शीर्षकाखाली मारीतच असतो, तो कारकुनाला वाचावयास शिकवावे. टॉमकॅटमध्ये त्यासाठी रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह नावाची सोय आहे. शेरा देवडीवाल्याचाच आहे याची मात्र खात्री असावी, कारण तो कोणीही मारू शकतो.

हेल्थ चेकची कथा अधिक तात्त्विक आहे. देवडीवाला ठरावीक अंतराने प्रत्येक कारकुनाला हाक मारतो आणि २०० या होकाराची अपेक्षा करतो. मुखपृष्ठाविषयी विचारणा झाली की आमचा कारकून ‘आधी लॉगिन करा’ असे ३०२ आकड्याने नम्रपणे सांगतो; देवडीवाला त्याला मृत ठरवितो. सगळेच कारकून असे नम्र असल्यास सगळेच मृत ठरतात, आणि तेव्हा ॲमेझॉनचा हा देवडीवाला, जिवंत कोणीच उरला नाही असे पाहून, सर्व मृतांना पूर्ववत काम वाटू लागतो. त्यामुळे फलकावर सगळे दिवे तांबडे आणि कचेरी मात्र सुरळीत, असे दृश्य कित्येक महिने टिकू शकते. लॉगिन न मागणारा एक स्वतंत्र मार्ग हेल्थ चेकसाठी ठेवावा, एवढेच.

राहिले किरकोळ. ५०२ अधूनमधून, विशेषतः कामाची गर्दी नसताना, येत असेल तर दोघांच्या धीराची रुजुवात घ्यावी : वरील देवडीवाला रिकामी जोडणी ६० सेकंद धरून ठेवतो, अपाची सर्व्हर मूळ मांडणीत ५ सेकंदांत सोडून देतो, आणि सोडलेल्या त्या हातात देवडीवाला कागद ठेवावयास जातो. आतल्याचा धीर बाहेरच्यापेक्षा थोडा अधिक ठेवावा. जीआरपीसीला एचटीटीपी/२ शिवाय चालत नाही. मधल्या कोणी ते १.१ मध्ये उतरविले की बोलणे संपले. आणि प्रॉक्सी प्रोटोकॉल देवडीवर चालू करावयाचा तर आतही त्याच क्षणी करावा, नाहीतर प्रत्येक जोडणीच्या आरंभी एक अनोळखी ओळ पाहून कारकून बिथरतात.

इतके सर्व झाल्यावर सायंकाळी साहेबांचा फोन येतो की त्यांच्याकडे अजूनही तेच चक्र चालू आहे. घाबरू नये. मघाच्या त्या हेलपाट्यांचा हुकूम कोणीतरी ३०२ ऐवजी ३०१ आकड्याने, म्हणजे ‘कायम’ असा शेरा मारून, काढलेला असतो, आणि कायमचा हुकूम ब्राउझर आपल्या दप्तरी जपून ठेवतो. इतरांनी दिवसभरात कंटाळून दहा वेळा कॅशे साफ केलेला असतो, साहेबांनी अर्थातच केलेला नसतो. सर्व्हरला हात न लावता लिफ्टने वर जावे, परवानगी घेऊन कळफलकाशी बसावे, कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबाव्यात, आणि पडद्यावरची मुदत ‘ऑल टाइम’ अशी निवडण्यापूर्वी, साहेबांचे सेव्ह केलेले पासवर्ड पुसण्याच्या चौकोनात खूण नाही ना, हे दोनदा पाहून घ्यावे.