फाटलेली अक्षरं

नौपाड्यात फ्लेक्स लावायचा म्हणजे धाडसच. इथला दर दुसरा माणूस स्वयंघोषित मुद्रितशोधक. तरी सोसायटीच्या गणेशोत्सवाचा फ्लेक्स मी मागून अंगावर घेतला. जुन्या व्हिडिओ गेमची थीम पोरांची. अक्षरंही तशीच हवीत, जाड, ठसठशीत, चौकोनाला चौकोन जोडून केलेली, हा हट्ट मात्र माझा.

१९८० च्या पॅकमॅनमधली रोमन अक्षरं आठ बाय आठ ठिपक्यांत ऐसपैस बसतात. म्हटलं, आपलीही बसवू. मुलीची गणिताची चौकटीची वही ढापली. आठातली एक ओळ शिरोरेषेनं खाल्ली. वरच्या दोन मात्रा-अनुस्वारांनी बळकावल्या, खालच्या दोन उकारांनी. उरल्या तीन. तेवढ्यात ‘भ’ आणि ‘म’ वेगळे दाखवायला ब्रह्मदेवालाही जमणार नाही. शेवटी काही अनुस्वार, उकार गाळले. ‘सहकुटुंब’चं ‘सहकटब’ झालं. मी त्याला मिनिमल म्हटलं.

“साहेब, फाईल फाटलीय,” फ्लेक्सवाला म्हणाला.

“मुद्दाम तशी आहे.”

“मुद्दाम कोण फाडतं?”

आणि केवळ दयाबुद्धीनं त्यानं सगळ्या कडा गुळगुळीत करून दिल्या. दहा फुटी फ्लेक्सवर नुसतं धुकं! दुसरा छापून घेतला, स्वखर्चानं.

फ्लेक्स गेटवर लागला. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे नाना त्यावर मोबाईल रोखून उभे.

“अरे, वर्गणी जात नाहीये.”

“नाना, तो क्यूआर कोड नाही. ‘महाप्रसाद’ लिहिलंय.”

“मग मराठीत लिहायचं ना!”

हे ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर गेल्या आणि स्वतःच्या रुखवतातला मॅटीचा तुकडा घेऊन आल्या. फुलीच्या टाक्यानं भरलेलं ‘सुस्वागतम्’. ‘सु’चा उकार, ‘म’चा मोडलेला पाय, सगळं जिथल्या तिथे. उंची मात्र वीसेक फुल्यांची.

“आठात कशाला कोंबलंस रे? कापड कमी पडलं होतं?”

आता काय सांगणार? आठाची चौकट आली त्या काळच्या महागड्या मेमरीमुळे. तिच्यात एक अक्षर आठ बाइटांत मावायचं. मला काटकसर कुणी सांगितली होती? ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरवरही ठिपक्यांचंच मराठी असतं, आणि जिन्यावरून धावत येणारा माणूस ते वाचून गाडी पकडतो. तरी विद्वत्ता सुटेना. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी ‘शिकागो’ हा फॉन्ट करणाऱ्या सुझन केअरबाईही चौकटीच्याच कागदावर चित्रं काढायच्या, असं मी सुरू केलं.

“भरतकाम येत असणार तिला,” काकू म्हणाल्या आणि मॅटीची घडी घालू लागल्या.

तेवढ्यात खजिनदारांनी ‘सहकटब’वर खराखुरा क्यूआर कोड चिकटवला. आता फ्लेक्सवर तेवढंच वाचता येतं, तेही मोबाईलला.