आधी होडी, मग विमान

छंद हा गृहस्थाच्या घरात राजमार्गाने, आगाऊ वर्दी देऊन कधीच येत नाही. काटकसरीच्या युक्तिवादाचा सात्त्विक वेष परिधान करून तो मागील दाराने शिरतो. रेडिओने चालवावयाची छोटी विमाने उडविणाऱ्या मंडळींत माझी ऊठबस सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या आसपास विमान उतरविण्याजोगे मैदान आता उरलेले नाही, काल जेथे कुरण होते तेथे आज सदनिकांचा फलक आहे, सबब शहाण्याने पाण्यावर उतरणारे विमानच घ्यावे, असे एका अनुभवी सद्गृहस्थांनी मला सुचविले. आणि ‘शिवाय पाणी मऊ असते’ ही पुस्ती जोडून त्यांनी माझा उरलासुरला विवेकही गारद केला. वेगात आलेल्या विमानाला पाणी फरशीइतके मऊ लागते, हा तपशील त्यांनी पुढील भेटीसाठी राखून ठेवला होता.

नवशिक्याला धीर देण्यासाठी ही मंडळी आंरी फाब्र या फ्रेंच गृहस्थाचा दाखला हटकून देतात. २८ मार्च १९१० रोजी मार्सेयजवळच्या खाजणावरून त्याने स्वतः बांधलेले विमान पाण्यावरून हवेत उचलले, आणि त्यापूर्वी त्याने कोणतेही विमान कधी चालविले नव्हते! दाखला खरा आहे. परंतु फाब्र हा जहाजमालकांच्या घराण्यातला होता, ही गोष्ट कोणी बोलत नाही. मला तर त्या साऱ्या चरित्रातील हीच बाब सर्वांत मननीय वाटते.

विमानाला चाकांऐवजी दोन फ्लोट बसविले की काम झाले, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. वस्तुतः फ्लोटची लांबी विमानाच्या धडाच्या पाऊण पटीच्या आसपास लागते, त्याचे नाक प्रॉपेलरच्याही पुढे यावे लागते, आणि त्याच्या तळाला मध्यावर एक पायरी असावी लागते. या पायरीवर मी मनापासून लुब्ध आहे. ओला तळ पाण्याला असा चिकटून बसतो की इंजिनाने कितीही आक्रोश केला तरी पाणी त्याला सोडीत नाही; पायरीपाशी मात्र तळ एकाएकी वर उचललेला असल्यामुळे तेथे पाण्याची मिठी सुटते, हवा आत शिरते, फ्लोटचा मागचा भाग मोकळा होतो आणि विमान पुढच्या तळावर घसरत वेग घेऊ लागते. ही पायरी विमानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे हवी. ती फार मागे गेली की शेपूट खाली दाबून नाक वर करणे दुरापास्त होते. त्यातही विलक्षण हे की, आरशासारखे निश्चल पाणी, जे पाहून कवीला स्फुरण चढते, तेच वैमानिकाला नको असते. बारीक लाटा असल्या म्हणजे तळ लवकर सुटतो.

खरी परीक्षा मात्र उड्डाणात नसून पाण्यावरून चालण्यात आहे. पाण्यात ब्रेक नाही. प्रॉपेलर फिरतो आहे तोवर विमान पुढे जाते, आणि वारा आला की वायुकुक्कुटाप्रमाणे तोंड वाऱ्याकडे करून उभे राहते. मालकाने रडर कोणत्या दिशेला दिला आहे याची ते दखलही घेत नाही. वारा पाठीशी घेऊन वळावयास जावे तो झुळूक पंखाखाली शिरते, दुसऱ्या पंखाचे टोक पाण्यात बुडते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विमान उताणे होते. फोमचे असल्याने ते बुडत नाही. परंतु रिसीव्हर पाण्याखाली जातो, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, त्यामुळे काठावरील मालकाच्या हातातील ट्रान्समीटरचा सारा अंमल तत्क्षणी संपुष्टात येतो.

येथून पुढे छंदाचा मुख्य भाग सुरू होतो. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो विमानापलीकडे फेकावा व दोरी ओढीत आणावी, ही रीत पुस्तकी आहे. चेंडू नेमका पलीकडे पडण्यासाठी लागणारा नेम ज्याच्यापाशी आहे त्याचे विमान मुळात उलटतच नाही. आमच्या तलावावर ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारा एक मच्छिमार आहे. तो हाताने पाणी वल्हवीत जातो, विमान शेपटीला धरून मांडीवर घेतो आणि काठाला लागताच विचारतो, “साहेब, परत आज पाडनार का जाऊ मी?” त्याचा मेहनताना नक्की ठरलेला नाही; परंतु वाऱ्याचा अदमास घेऊन तो त्यात चढउतार करतो, यावरून वायुशास्त्राचे त्याचे ज्ञान माझ्याहून सरस आहे हे उघड होते.

परावलंबनाला कंटाळून मी होडी घ्यावयाचे ठरविले, तेव्हा सरकारदरबारची पाळी आली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, दृष्टीच्या टप्प्यातच उडवावयाच्या हौशी प्रतिकृती-विमानांना पुष्कळ मुभा दिली आहे, मात्र प्रतिबंधित आकाश वर्ज्य. खडकवासल्याच्या काठी लष्करी प्रबोधिनी आहे, तेव्हा तो जलाशय आम्ही दुरूनच वंदनीय मानतो. पाण्याचा कारभार मात्र निराळ्या कचेरीकडे. तेथील कारकुनाने माझा अर्ज तीनदा वाचला. विमान छोटे आहे, त्यात माणूस बसत नाही, हे त्याला पटले. होडीत मात्र माणूस बसतो, हे ऐकून तो सावध झाला.

“विमान काढण्यासाठी होडी,” तो लिहीत पुटपुटला, आणि चष्म्यावरून पाहत म्हणाला, “आणि होडी बुडाली तर ती काढण्यासाठी काय आणणार, तेही याच अर्जात नमूद करा. पुन्हा खेपा घालायला नकोत.”