सेव्हन पॉइंट वन आणि आजी

(टेबल, लॅपटॉप, हेडसेट. निवेदक रिकामा खोका प्रेक्षकांना दाखवतो.)

खोक्यावर काय लिहिलंय? 'सेव्हन पॉइंट वन सराउंड'! म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर. साताऱ्याच्या रोहननं हेडसेट उलटापालटा करून पाहिला. स्पीकर निघाले दोन. उरलेले पाच आणि तो सबवूफर बहुधा कुरिअरवाल्याकडेच उतरले.

तशी ही फसवणूक नाही हं. माणसाला कान दोनच, तरी मागून आलेली रिक्षा मान न वळवता कळते. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला जरा मागाहून पोचतो, उशीर मिलिसेकंदाहूनही कमी, आणि डोक्याच्या आडोशानं जरा दबून. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये हेच मांडलं. पुढचा की मागचा, ते कानाच्या घड्या ठरवतात. सॉफ्टवेअर हीच सगळी चलाखी दोन स्पीकरांत भरतं.

पण आधी वायर तर लागली पाहिजे!

(वायर उचलतो.)

पिना दोन. हिरवी आवाजाची, गुलाबी माइकची. लॅपटॉपला भोक एकच. हिरवी लावली, तर रोहनला सगळ्यांचं ऐकू येतं, त्याचं कुणालाच नाही. घरात हेच चाललं होतं, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

मित्र म्हणाला, "ब्लूटूथ घे." त्यात माइक सुरू झाला की बहुतेक हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातात आणि गेममधला बॉम्बस्फोटही पोस्टातून आल्यासारखा ऐकू येतो. राहिलं.

मोबाइलच्या दुकानातून दोन पिना एका भोकात जोडणारा स्प्लिटर आला. लावला. माइक तरी मुकाच. तेवढ्यात आजी चष्मा पुसत आली. आजीची अख्खी नोकरी पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेलेली.

(आवाज बदलून) "बघू ती पिन. अरे, काळ्या कड्या दोनच! म्हणजे जोडण्या तीन: डावा, उजवा, अर्थ. माइक कुठं बसणार, मांडीवर? तीन कड्यांचा आण."

आजीच्या बोर्डावर पाव इंची पिना होत्या. आजची साडेतीन मिलिमीटरची पिन त्याच घराण्यातली.

तीन कड्यांचा स्प्लिटर आला आणि माइक बोलू लागला. आता सराउंड. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'विंडोज सोनिक फॉर हेडफोन्स' फुकट असतं. रोहननं ते लावलं. व्हॅलोरंट या गेममध्ये हीच चलाखी करणारं एचआरटीएफ नावाचं बटण दिसलं, तेही लावलं. दोनदा फोडणी दिलेल्या आमटीसारखा आवाज झाला. पावलं कुठूनही येईनात. विंडोजचं बंद केलं, गेमचं ठेवलं. मग पावलं आपापल्या जागी वाजू लागली.

(हेडसेट कानाला लावतो.)

रोहन पाणी प्यायला उठला. आजीनं हेडसेट चढवला, डोळे मिटले. खरखरीतून माणसं ओळखण्यात जन्म गेलेला! माइकवर शांतपणे सांगितलं, "उजवीकडून, मागून दोघं येताहेत. एक थांबला."

पलीकडची पोरं वळली आणि दोघांनाही टिपलं. मग एकानं घाबरत विचारलं, "रोहन, कोण आहे रे?"

"ऑपरेटर बोलतेय. तीन मिनिटं झाली, वाढवू का?"

(अंधार.)