उशीपात्रता-निर्णय

बाळाला प्रथम घराबाहेर केव्हा न्यावे, पहिला घास केव्हा भरवावा, जावळ केव्हा काढावे आणि कान केव्हा टोचावेत, या सर्वांची सोय सोळा संस्कारांच्या परंपरेने लावून ठेवली आहे. परंतु त्याच बाळाच्या डोक्याखाली पहिली उशी केव्हा द्यावी, यासाठी त्या सोळांत एकही संस्कार नाही. स्मार्तांची एकादशी कोणती आणि भागवतांची कोणती, अशा सूक्ष्म प्रश्नांचा निकाल देणारा ‘धर्मसिंधु’ पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्या आधाराने निर्धास्तपणे उपास करू लागले. उशीच्या बाबतीत असा आधार हाताशी नसल्याने तो निर्णय घरातील ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आपोआप गेला. तो तेथून सोडवून आणण्याच्या हेतूने प्रस्तुत विवेचन केले असून, त्यात ‘उशीपात्रता’ ही संज्ञा बालकाचे मस्तक उशीवर ठेवण्यायोग्य झाले असल्याची अर्हता या अर्थाने वापरली आहे.

प्रथमच हे ध्यानात घ्यावे लागते की उशीची गरज आधी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उत्पन्न होते आणि बाळाच्या मानेला ती बऱ्याच उशिरा जाणवते. डोक्याखाली काहीही नसताना, दोन्ही हात वर टाकून, सपाट गादीवर गाढ झोपलेले बाळ दिसले की वडीलधाऱ्यांच्या पोटात कालवते; कारण उशीवाचून झोपणे हे रेल्वेच्या फलाटावर मुक्काम पडलेल्या प्रवाशाच्या किंवा इस्पितळात रुग्णाच्या सोबतीला राहिलेल्या नातेवाइकाच्या वाट्याला येणारे कष्ट आहेत, अशी त्यांची पक्की धारणा असते आणि आपल्या नातवंडावर तीच पाळी आलेली त्यांना पाहवत नाही. ‘लेकराचं डोकं कसं खाली गेलंय बघ’ हे वाक्य अशा प्रसंगी हमखास उच्चारले जाते. डोके वस्तुतः कोठेही गेलेले नसते. गादी जेथे आहे तेथेच तेही असते. परंतु हे निदर्शनास आणून देणाऱ्या सुनेला यश आल्याचे सहसा ऐकिवात नाही.

पहिल्या वर्षाविषयी मात्र कोणताही विनोद करण्यास जागा नाही. जन्मापासून एक वर्षापर्यंतच्या बाळाला, ज्याला येथे ‘शिशु’ म्हटले आहे, उशी देऊ नये. जाड दुलई, मऊ लोड आणि कापडी खेळणीही त्याच्या झोपण्याच्या जागी ठेवू नयेत. अंथरूण सपाट व घट्ट असावे आणि बाळाला उताणे निजवावे. हा सल्ला बालरोगतज्ज्ञ उगाच देत नाहीत. वरवर निरोगी दिसणाऱ्या शिशूचा झोपेत अचानक मृत्यू होण्याच्या घटनांचा अभ्यास करून ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे निजवण्याची मोहीम हाती घेण्यात आली, आणि त्यानंतर अमेरिकेत अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. उशीत नाक रुतले तर मान वळवून ते मोकळे करावे, एवढे बळ व एवढी समज लहान शिशूत नसते, हे या सल्ल्यामागचे एक साधे कारण होय.

दुसरे कारण शरीररचनेत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, तर प्रौढ माणसात हेच प्रमाण एक अष्टमांशाच्या आसपास येते. शिवाय बाळाच्या डोक्याचा मागील भाग चांगलाच बाहेर आलेला असल्यामुळे ते उताणे झोपले असता त्याचे डोके मुळातच किंचित उचललेले राहते. अशा डोक्याखाली आणखी उशी सरकवली तर हनुवटी छातीकडे झुकते आणि मऊ, अरुंद श्वासमार्गाला बाक येऊन तो दबू शकतो. थोडक्यात, निसर्गाने शिशूला उशी अंगभूतच दिलेली असते, आणि तिच्यावर दुसरी चढवणे हा आप्तेष्टांचा आगाऊपणा ठरतो. सर्दीने नाक चोंदले की डोके उंचावर ठेवण्यासाठी उशी घालण्याची जी पद्धत आहे, तीही या वयात याच कारणाने त्याज्य समजावी.

येथे मोहरीच्या उशीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाणे कोणत्याही मराठी ग्रंथकारास परवडणारे नाही. जुन्या मऊ कापडाच्या पिशवीत मोहरी भरून केलेली ही चपटी उशी बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून बारशाच्या आधीच शिवून तयार असते, आणि ती बहुधा बाळंतिणीच्या माहेरहून येत असल्यामुळे तिला नकार देणे म्हणजे दोन घराण्यांच्या संबंधांना हात घालणे होय. मोहरीचे आणि सूतिकागृहाचे नाते तसे फार जुने आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या खोलीभोवती रक्षणासाठी मोहरी विखरावी असे सांगितले आहे. दृष्ट काढताना मिठाबरोबर मोहरीच लागते. आणि उरलेली फोडणीस जाते. इतक्या कर्तबगार दाण्याकडे डोक्याला आकार देण्याचे आणखी एक खाते सोपवले गेले, यात नवल वाटू नये. तथापि त्याच चरकाने बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे असे सांगताना शयन, आसन, आस्तरण व प्रावरण, म्हणजे बिछाना, बैठक, अंथरण्याचे वस्त्र आणि पांघरण्याचे वस्त्र, एवढीच चार नावे घेतली आहेत, हे माहेरच्या मंडळींच्या निदर्शनास नम्रपणे आणून द्यावे. शिशूचे डोके एका बाजूस चपटे दिसू लागले तर जागेपणी, कोणीतरी शेजारी बसलेले असताना, त्याला पालथे घालून खेळवावे आणि झोपताना त्याच्या डोक्याची बाजू बदलत राहावी, हा उपाय डॉक्टर सांगतात. डोक्याला आकार देण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला. मोहरीच्या उशीवर बहिष्कार टाकण्याची मात्र गरज नाही. ती पाळण्याच्या दांडीला टांगावी, बाळ त्या वेळी आईच्या मांडीवर असावे, दोघांचे छायाचित्र काढून माहेरी पाठवावे आणि त्यानंतर ती कपाटात जपून ठेवावी.

पहिला वाढदिवस झाला की उशीवादी पक्ष, म्हणजे बाळाला उशी ताबडतोब मिळावी असे मानणारा घरातील गट, पुन्हा डोके वर काढतो. या टप्प्यावर घाई करण्याचे कारण नसते. सर्वसाधारणपणे दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान उशीचा विचार सुरू करावा, असे सांगितले जाते. दोन वर्षे पुरी होऊ देण्यात कोणाचेही नुकसान नाही, कारण कुशीवर झोपलेल्या प्रौढ माणसाच्या खांद्यामुळे कान आणि गादी यांच्यात जी पोकळी राहते ती भरून काढणे हे उशीचे मुख्य कार्य होय, आणि दीड वर्षाच्या बालकाला खांदा असा नसतोच. बालकाला कुशीवर निजवून मागच्या बाजूने पाहावे. मान व पाठीचा कणा एका रेषेत दिसत असतील तर उशीचे काम गादीनेच केले आहे, असे समजून पाहणाऱ्याने दिवा मालवावा.

मराठी घरात बालकाचा आणि उशीचा पहिला परिचय डोक्याच्या मार्गाने क्वचितच होतो. बालक पलंगावरून खाली पडू नये म्हणून घरातील सगळ्या उशा, तक्के आणि लोड कडेने रचून जो बांध घातला जातो, त्याच्याशी त्याची ओळख आधी होते, आणि उशी ही ओलांडून जाण्याची वस्तू आहे असा त्याचा ग्रह होतो. (शिशूच्या बाबतीत हा बांधच धोक्याचा असतो, गादी सरळ जमिनीवर घालणे केव्हाही बरे, मग ते पाहुण्यांना कसेही दिसो.) त्यामुळे उशी पाठीवर घेऊन फिरणे, तिच्यावर घोडा-घोडा खेळणे किंवा ती आजोबांच्या वर्तमानपत्रावर भिरकावणे, या क्रिया पात्रतेची लक्षणे मानता येत नाहीत.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे ‘प्रात्यक्षिक गाई’ होय. ‘गाई करणे’ हा झोपण्याला शिशुभाषेत असलेला शब्द असून, ‘गाई गाई कशी करतात, काकूंना दाखव’ असे फर्मान सुटताच बालक हाताला लागेल त्यावर, म्हणजे उशीवर, चपलेवर किंवा परातीवर, गाल टेकवते, डोळे इतके घट्ट मिटते की नाकाला सुरकुत्या पडतात, आणि मग एक पापणी किंचित उचलून आपल्याकडे कोण कोण पाहत आहे याची नोंद घेते. हा पुरावा उशीवादी पक्षाकडून वारंवार सादर केला जातो, परंतु परात चालत असलेल्या अर्जदाराला उशीची निकड आहे असे मानणे तर्काला धरून नाही. खरे लक्षण रात्री, कोणी पाहत नसताना प्रकट होते: बालक झोपेतच सरपटत येऊन आईच्या दंडावर किंवा वडिलांच्या उशीच्या कडेवर डोके चढवते, तेथून खाली सरकवले तरी पुन्हा तेथेच येते, आणि हे काही आठवडे सातत्याने चालते. अशा बालकास पात्र घोषित करण्यास हरकत नाही.

पात्रता सिद्ध झाल्यावर उशीची निवड करावी लागते. ती लहान, चपटी आणि दाबली असता फार न दबणारी असावी. सावरीच्या कापसाची उशी मोठ्यांना कितीही सुखाची वाटली तरी तिच्यात बालकाचे अख्खे डोके रुतते, आणि कापसाच्या उशीत कालांतराने गाठी होऊन तिची टेकडी बनते. जाडी दोन-तीन बोटांहून अधिक नसावी, आणि ती बोटे बालकाच्या काकांची नसून आईची धरावीत. बाजारात हत्ती, ससा, चंद्र इत्यादी आकारांच्या उशा मिळतात. त्यांवर झोपण्याऐवजी बालक त्यांच्याशी बोलत बसते. सर्व बाजूंनी विचार करता आजीच्या जुन्या सुती नऊवारीची घडी ही सर्वोत्कृष्ट उशी ठरते, कारण तिची उंची घड्या वाढवून वा कमी करून नेमकी जुळवता येते, ती धुता येते आणि उशीवादी पक्षाची अध्यक्षाही त्यामुळे प्रसन्न राहते. घडी सुटून तोंडावर येऊ नये म्हणून गोधडीला घालतात तसा धावदोरा तिच्या चारही कडांनी घालून घ्यावा, एवढीच काळजी पुरेशी होते.

अभ्रा, म्हणजे उशीची खोळ, साधा असावा. त्याला नाड्या, बटणे, टिकल्या, आरसे अथवा झालर नसावी, कारण जे जे उपटून तोंडात घालता येते ते ते बालक उपटते आणि तोंडात घालते. एके काळी रुखवतात मांडलेले, समोरासमोर बसलेले दोन पोपट आणि खाली ‘स्वीट ड्रीम्स’ अशी अक्षरे भरलेले अभ्रे अजूनही कित्येक घरांच्या ट्रंकेत आढळतात. त्यांतील गाठीच्या टाक्यावर झोपलेले बालक सकाळी उठते ते गालावर पोपटाची चोच उमटवून, त्यामुळे ते पाहुण्यांसाठीच राखून ठेवावेत. साध्या अभ्र्याचीही बालक आपल्या पद्धतीने विल्हेवाट लावते. त्याचे लक्ष उशीच्या मध्यभागाकडे नसून टोकाकडे असते. ते टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळल्यावाचून, आणि मधूनमधून चोखल्यावाचून, त्याला झोप लागत नाही. हे टोक काही दिवसांत काळे पडते आणि लाळ वाळून कडक होते, आणि ते धुतल्याच्या रात्री संपूर्ण घराला जागरण घडते. म्हणून अभ्रे एकाच कापडाचे दोन शिवावेत आणि ते प्रारंभापासून आलटून पालटून वापरावेत. दुसरा अभ्रा नंतर आणल्यास बालक त्याला दत्तक मानते.

उशीप्रदान प्रथम दुपारच्या झोपेसाठी, घरात कोणी जागे असताना करावे. उशीचे तोंड कोणत्या दिशेला असावे, याविषयी दक्षिणेकडे डोके करण्याचा पक्ष घेणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखून ती दक्षिणेस ठेवावी, कारण ती कोठेही ठेवली तरी फरक पडत नाही. बालक झोपेत घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत राहते, आणि पहाटे पाहिले असता त्याचे पाय उशीवर, डोके पायथ्याशी व एक हात आईच्या नाकावर असतो. अशा वेळी त्याला उचलून पुन्हा उशीवर ठेवण्याचा मोह काटेकोरपणे आवरावा. ते जागे झाल्यास उशीचा प्रश्न मागे पडून दुधाचा प्रश्न उभा राहतो.

आणखी एका परिणामाची नोंद येथे करावी लागते, कारण तो बहुतेक घरांत दिसून येतो आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. स्वतःची उशी मिळाल्यावर बालकास ‘प्रत्येकाची उशी वेगळी असते’ हे तत्त्व समजते, परंतु त्यातून ते असा निष्कर्ष काढते की वडिलांची उशी आता रिकामी झाली असून ती आपण घ्यावी. वडील झोपेच्या भरात जे हाती लागेल ते डोक्याखाली ओढतात, आणि ते बहुधा दोन बोटे जाडीचे, एका टोकाला ओले असलेले नऊवारीचे चौकोनी प्रकरण असते. सकाळी त्यांची मान धरलेली असल्यास तव्यावर मीठ गरम करून त्याची पुरचुंडी बांधावी आणि मान अलगद शेकावी. शेक संपल्यावर ती पुरचुंडी लगेच मोडून टाकावी, कारण ती चपटी, लहान आणि दाबली असता फार न दबणारी असल्यामुळे बालकाची नजर तिच्यावर आधीच गेलेली असते.