नळावरचं धर्मशास्त्र

धर्मचर्चा कुठे आणि कशी व्हावी याबद्दल माझी मतं ठाम आहेत. ती ठाम राहिली याचं मुख्य कारण, ती आजवर कुणी तपासलेली नाहीत. सभागृह हवं, समई पेटायला चार काड्या लागायला हव्यात, वक्त्याचा परिचय वक्त्याच्या भाषणाएवढा लांबायला हवा, आणि तास-सव्वा तासाने श्रोत्याचा डावा पाय बधिर झाला की त्याला अध्यात्माचा स्पर्श झाला असं समजावं. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. निदान तेव्हापासून तरी ज्ञान हे पाण्यासारखं वरून खाली वाहतं, आणि वरची जागा बहुधा आपलीच असते, अशी आम्हा मराठी बोलक्यांची समजूत आहे. त्यामुळे १९८१ साली शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांताने तरुणांना गप्पांना बोलावलं आणि चक्क हातात ग्लास असतानाच त्यांच्याशी श्रद्धेच्या गोष्टी सुरू केल्या, हे कळल्यावर माझ्यातला संयोजक दुखावतो. अध्यक्ष कोण होते? आभार कुणी मानले? त्यातून उपक्रमाचं नाव असं, की शब्दाला शब्द ठेवला तर मराठीत 'नळावरचं धर्मशास्त्र' होतं. आणि नळावर काय चालतं हे चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. पण बिअर आणि धर्म यांचं नातं जिथे जुनं आहे त्या जर्मनीचा इतिहास समोर ठेवला की माझा हा दुखावलेपणा टिकत नाही. उलट पक्कं होतं ते असं, की श्रद्धेविषयी बोलायचं तर नळावर नाहीतर टेबलाशीच बोलावं. कारण बिअर हे नव्हे. कारण असं, की टेबलाशी बोलणाऱ्याला मध्येच तोडता येतं.

पहिला आक्षेप अर्थातच ग्लासातल्या ऐवजाचा. धर्म आणि दारू एका टेबलावर? मी स्वतः बिअर पीत नाही, म्हणूनच या विषयावर अधिकाराने बोलू शकतो. न केलेल्या गोष्टींवर अधिकाराने बोलण्याची मराठी लेखनात मोठी परंपरा आहे. तर, जर्मनीत बिअर आणि मठ यांचं नातं चोरटं नाही, राजरोस आहे. बव्हेरियातल्या आंडेक्सच्या टेकडीवर बेनेडिक्टाइन मठाची बिअर आजही तयार होते. मालर्सडॉर्फच्या मठात तर फ्रान्सिस्कन सिस्टर्स बिअर गाळतात. म्युनिकच्या पाउलानर साधूंच्या बिअरचा उल्लेख १६३४ सालचा आहे. त्यांची अडचण उपवासाची होती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस खायचं काय? तोडगा निघाला : द्रवाने उपवास मोडत नाही. मग द्रवच असा दाट आणि कडक करा, की त्यावर माणूस उभा राहील, निदान दुपारपर्यंत. या बिअरचं नाव 'साल्वाटोर', म्हणजे तारणहार. आख्यायिका अशी, की परवानगीसाठी तिचं पिंप रोमला पाठवलं, वाटेत ते आंबलं, आणि एक घोट घेऊन पोप म्हणाले, एवढी वाईट चीज पिणं हे प्रायश्चित्तच आहे, खुशाल प्या. ज्या समाजाने साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी यांना 'आज मी काही खात नाही' या सदरात बसवलं, त्याने या साधूंना हसू नये. शिवाय मूळ ग्रंथच आक्षेपकाच्या विरोधात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा पहिला चमत्कार लग्नघरातला : सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस. रांजणांची मापं दिली आहेत. हिशेब पाचशे लिटरच्या घरात जातो. पहिल्याच चमत्काराला एवढा माल आणि भाषण मात्र एकही नाही, ही गोष्ट वक्त्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

आता इथे कोलोनला गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथल्या कॅथेड्रलचा पाया १२४८ साली घातला आणि काम पूर्ण झालं १८८० साली, त्यामुळे आपल्या महापालिकांनी त्याचा फोटो कचेरीत लावायला हरकत नाही. त्याच्या जवळच पेटर योसेफ फ्रू यांनी १९०४ साली सुरू केलेलं बिअरगृह आहे. या शहराच्या बिअरचं नाव कोल्श. ती दोनशे मिलिलिटरच्या बारक्या, उभट ग्लासातून येते आणि ती आणणाऱ्या वाढप्याला 'कोबेस' म्हणतात, म्हणजे याकोबचं लाडकं रूप. कोबेसचा नियम असा की तुमचा ग्लास संपला की न विचारता दुसरा ठेवायचा आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढायची. पंगतीत आग्रह करणाऱ्या आपल्या काकूंचंच हे जर्मन रूप. फक्त काकू रेघा ओढत नाहीत, त्या लक्षात ठेवतात. पुरे झालं हे तोंडाने सांगायची रीत नाही. चकती उचलायची आणि ग्लासावर ठेवायची. बस्स. कोबेस रेघा मोजतो, पैसे घेतो, विषय संपतो. ही चकती साधी नाही. १८९२ साली ड्रेस्डेनच्या रोबर्ट स्पूट यांनी लाकडाच्या लगद्याच्या चकतीचं पेटंट घेतलं. २००३ साली, पुढे चॅन्सेलर झालेले फ्रीडरिश मेर्त्स यांनी प्राप्तिकराचा हिशेब एका चकतीवर मावला पाहिजे असं सांगून देशभर चर्चा उठवली. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात २८६५ परिच्छेद आहेत. ते चकतीवर मावणार नाहीत, हे मान्य. पण चकतीचा खरा उपयोग लिहिण्यासाठी नाहीच, झाकण्यासाठी आहे. आपल्याकडे वक्त्याला 'वेळ संपली' अशी चिठ्ठी पाठवतात. वक्ता ती वाचतो, मंद हसतो, पाण्याच्या ग्लासाखाली ठेवतो आणि 'शेवटचा मुद्दा' म्हणून पाऊण तास बोलतो. कोलोनमध्ये ग्लासावर ठेवतात, आपण ग्लासाखाली ठेवतो. दोन संस्कृतींमधला सगळा फरक एवढाच आहे, आणि तो दूर करण्यासाठी कुणी समिती नेमली तर मी अध्यक्षस्थान स्वीकारायला तयार आहे.

टेबलाच्या बाजूने सगळ्यांत भक्कम पुरावा, दुर्दैवाने, कॅथलिकांच्या हातून निसटलेला आहे. मार्टिन लूथर हा मुळात ऑगस्टिनियन साधू, पुढे प्रॉटेस्टंटांचा अग्रणी. विटेनबर्गच्या त्याच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती विद्यार्थी आणि पाहुणे जमत. बिअर घरचीच, गाळणारी त्याची बायको काटारिना फोन बोरा. तीही मठ सोडून आलेली. लूथर बोलायचा, इतर विचारायचे, काही जण जेवता जेवता टिपून घ्यायचे, आणि त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १५६६ साली, ही 'टेबलावरची बोलणी' ग्रंथरूपाने छापली गेली. म्हणजे उमेदवार आपला, पण निवडून आला दुसऱ्या पक्षाकडून. यावर कॅथलिक वाचकाने खट्टू होऊ नये, कारण त्याच्या बाजूचा साक्षीदार आपल्याच भाषेत बसलेला आहे. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ एका सुरात केलेलं प्रवचन नाही. श्रोते पाद्री-गुरूंना विचारतात आणि गुरू सांगतात, अशी त्याची मांडणी आहे. स्टीफन्स इंग्लंडहून आलेला होता, नुसतं प्रवचन छापून लोकांच्या हाती देऊ शकला असता. तरी त्याला पोथीतसुद्धा विचारणारा माणूस लागला. याचा अर्थ मी असा घेतो, की न विचारता सांगितलेली श्रद्धा कानापर्यंत जाते आणि तिथेच मुक्काम करते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो खुद्द जर्मनांचा आहे. बिअरगृहात ठरलेल्या मंडळींसाठी राखून ठेवलेल्या टेबलाला ते 'श्टामटिश' म्हणतात, आणि हा शब्द शिवीसारखाही वापरतात : बेजबाबदार, उथळ, 'सगळ्यांना एकदा सरळ केलं पाहिजे' छापाचं बोलणं. आपल्या पानाच्या ठेल्यावर देश ज्या पद्धतीने चालवला जातो, तसंच. आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअरगृहात हिटलर घुसला आणि छतावर पिस्तूल झाडून त्याने उठावाची घोषणा केली. त्या वेळी बव्हेरियाचे राज्य आयुक्त गुस्टाफ फोन कार यांचं भाषण चालू होतं, म्हणजे वक्त्याला मध्येच तोडण्याचा हाही एक प्रकार, असं कुणी मला ऐकवील. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि पिस्तूल काढणं वेगळं. पिस्तुलाने त्याने भाषण थांबवलं ते स्वतःचं सुरू करण्यासाठी. टेबलांच्या दिवाणखान्याचं त्याने सभागृह केलं, आणि तो उठाव फसला तरी १९३३ साली सत्ता हाती आल्यावर पुढची बारा वर्षं त्या देशात कुणाला मध्ये बोलता आलं नाही. ज्यांनी बोलायचं धाडस केलं, ते बहुतेक वेळा टेबलाशीच बसले होते. १९४२-४३ मध्ये हेल्मुट फोन मोल्टके यांच्या क्रायसाउच्या घरी प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक मंडळी जमत. हिटलरनंतरचा देश कसा असावा, त्यात न्याय कसा असावा, धर्माने काय करावं, यावर ती बोलत. त्यांत आल्फ्रेड डेल्प नावाचे जेझुइट फादर होते. २ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्यांना फाशी दिलं, मोल्टके यांना त्याच्या दहा दिवस आधी. या दोघांनी बॉम्ब ठेवला नव्हता. ते बोलले होते.

तिसरा आक्षेप चर्चमधल्या शिस्तप्रिय मंडळींचा : असल्या गप्पांनी श्रद्धा पातळ होते, माणसं बिअरसाठी येतात. येत असतील. पण जिथे बिअर नाही तिथे किती येतात? जर्मन बिशपांच्याच आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये दोन कोटींच्या वर कॅथलिकांपैकी रविवारच्या मिस्साला जाणारे ६.२ टक्के होते, आणि त्या एका वर्षात ४,०२,६९४ जणांनी चर्च सोडलं. आदल्या वर्षी तर ५,२२,८२१ जणांनी. प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर वाचावा म्हणून लोक जातात, असं एक समाधान सांगितलं जातं. असेलही, पैसे वाचवण्याच्या बाबतीत मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण २०१८ साली बिशपांनीच करून घेतलेल्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातले लैंगिक अत्याचाराचे १,६७० आरोपी धर्मगुरू आणि ३,६७७ पीडित मुलं सापडली, तीही हाती लागलेल्या कागदांतून. या मुलांपैकी कुणी प्रवचन चालू असताना हात वर करून काही विचारायचं म्हटलं असतं, तर कुठल्या क्षणी विचारायचं होतं? प्रवचनात तशी जागाच ठेवलेली नसते. हे फक्त त्यांचं नाही. आपल्या मठांत, आश्रमांत, व्यासपीठांवर 'शंका शेवटी विचारा' म्हणतात, आणि शेवटी पसायदान असतं. श्रद्धा पातळ होते ती ग्लासामुळे नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुन्हा प्रवचनच मिळालं की होते. टेबलामुळे सत्य आपोआप बाहेर येतं असा माझा भाबडा दावा नाही. पण टेबलाशी बसलेल्या माणसाचं तोंड समोरच्याला दोन हातांवरून दिसतं, आणि दोन हातांवरून विषय बदलणं कठीण असतं.

तेव्हा बिशपांनी एक छोटा हिशेब करून पाहावा. कोलोनमध्ये चर्च सोडायचं तर चर्चमध्ये जावं लागत नाही; स्थानिक न्यायालयात जाऊन अर्ज करायचा आणि ३० युरो शुल्क भरायचं. तेवढ्याच पैशांत कोल्शचे दहाएक ग्लास येतात : पाच निघालेल्याला आणि पाच राहिलेल्याला.